एकसारखे दिसणारे दोन मासे

"मासा हातात घेऊन पाहिला की तो कोणता ते कळत नाही का? मग त्यासाठी डीएनए कशाला तपासायचा?"

माशांच्या अभ्यासाचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्त आहे. पैनगंगेच्या डोहात पाग टाकणारा भोई मरळ, वाम, शिंगाळा, मांगूर हे मासे अंधारात नुसता हात लावून ओळखेल. ज्या माशाला बाजारात भाव आहे, त्याची ओळख पिढ्यान्‌पिढ्या पक्की झालेली असते. अडचण सुरू होते ती जाळ्याच्या तळाशी उरलेल्या मूठभर बारीक मासळीपासून. ती वेगळी निवडली जात नाही, वाटा लावून विकली जाते किंवा वाळत घातली जाते. आपल्या नद्यांतल्या देशी माशांच्या जातींची खरी गर्दी मात्र याच मुठीत असते. त्यात किती जाती आहेत हे सांगताना भोयाइतकाच प्राध्यापकही अडखळतो.

१. डोळा कुठे अडतो

मासे ओळखण्याची जुनी रीत मोजमापाची आहे. पाठीवरच्या परात काटे किती, अंगाच्या मध्यावरून शेपटीकडे जाणाऱ्या पार्श्वरेषेवर खवले किती, तोंडाला मिशांच्या जोड्या किती, डोक्याची लांबी शरीराच्या कितवा भाग, हे सगळे मोजायचे आणि ग्रंथातल्या वर्णनाशी ताडून पाहायचे. ही रीत मोठी आहे आणि तिला मी कमी लेखत नाही. लिनीयसने १७५८ मध्ये प्राण्यांना दोन पदांची नावे देण्याची पद्धत रुजवली. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ मध्ये गंगेच्या माशांवर ग्रंथ लिहिला. कर्नल विल्यम साइक्सने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली. फ्रान्सिस डे याचा भारतातल्या माशांवरचा ग्रंथ १८७५ ते १८७८ या काळात आला. विदर्भातल्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकवणाऱ्यांनी धरणा-तलावांतल्या माशांच्या ज्या याद्या केल्या, त्या याच परंपरेच्या आधारावर.

पण पिल्लाला मोठ्या माशाची लक्षणे नसतात. काही जातींत नर विणीच्या दिवसांत इतका रंग बदलतो की तो परका वाटावा. फॉर्मालिनच्या बाटलीत गेला की रंग उडतो, आणि वर्णनात तर रंगाचेच ठिपके लिहिलेले असतात. शिवाय काही जाती खरोखरच वेगळ्या असूनही बाहेरून सारख्या दिसतात. त्या एकमेकींत विणत नाहीत, त्यांचे रक्त लाखो वर्षांपूर्वी वेगळे झाले, पण मोजपट्टीला ते दिसत नाही.

मांगुराचेच घ्या. आपल्या देशी मांगुराला शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे क्लॅरिअस बॅट्राकस म्हणत आले. २००८ मध्ये एंग आणि कोटेलाट या दोन अभ्यासकांनी दाखवले की लिनीयसचे ते नाव जावा बेटावरच्या माशाचे आहे. आपला मांगूर वेगळा, आणि त्याचे नाव हॅमिल्टनने १८२२ मध्येच देऊन ठेवलेले: क्लॅरिअस मागुर. हा मासा आज आंतरराष्ट्रीय लाल यादीत धोक्यात असलेल्यांमध्ये आहे. दुसरीकडे 'थाई मांगूर' या नावाने विकला जाणारा मासा मूळचा आफ्रिकेचा. त्याच्या पालनावर आपल्याकडे बंदी आहे, कारण तो खादाड आहे आणि तळ्यातून सुटला तर देशी माशांचा फडशा पाडतो. मोठेपणी डोक्याच्या हाडाच्या ठेवणीवरून दोघे ओळखता येतात. बोटभर पिल्ले असताना फरक करणे फार कठीण, आणि तळ्यात सोडली जातात ती पिल्लेच. ओळख चुकली तर जो मासा वाचवायचा त्याच्याऐवजी त्याला खाणारा मासा तळ्यात जातो.

२. नकलकाराच्या चुका

वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा लाडच्या जैन मंदिरांमधले हस्तलिखितांचे भांडार अभ्यासकांना ठाऊक आहे. छापखाने नव्हते तेव्हा पोथीची नक्कल हाताने होई. नकलकार कितीही काळजी घेवो, कुठेतरी एखादे अक्षर बदलते. पुढचा नकलकार त्या नकलेवरून नक्कल करतो तेव्हा आधीची चूक तशीच उतरते आणि वर त्याची स्वतःची एखादी भर पडते. म्हणून दोन प्रती शेजारी ठेवून त्यांच्यातले पाठभेद मोजले की त्या एकाच प्रतीवरून नुकत्याच उतरलेल्या आहेत की त्यांची घराणी फार पूर्वी फुटली, हे जुन्या ग्रंथांचा संपादक सांगू शकतो.

डीएनए ही अशीच पिढीगणिक नक्कल होणारी पोथी आहे. तिची अक्षरे चारच: ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन. आपण त्यांना अ, थ, ग, स म्हणू. प्रत्येक पिढीत नक्कल होते, क्वचित अक्षर बदलते, आणि ते पुढच्या पिढीत उतरते. दोन गटांच्या माशांचे एकमेकांत विणणे थांबले की त्यांचे पाठभेदही एकमेकांत मिसळायचे थांबतात. मग काळ जाईल तसे अंतर वाढत जाते. पोथीच्या ज्या विशिष्ट भागात हे पाठभेद वाचायचे, त्या भागाला जनुकीय खूण म्हणतात.

३. साडेसहाशे अक्षरे

संपूर्ण पोथी वाचायची गरज नसते. माशाच्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या तंतुकणिका असतात. पेशीला ऊर्जा पुरवणे हे त्यांचे काम. त्यांचा स्वतःचा छोटा डीएनए असतो: माशांमध्ये सुमारे साडेसोळा हजार अक्षरे आणि ३७ जनुके. त्यांतल्या सीओआय नावाच्या जनुकातला साधारण ६५० अक्षरांचा तुकडा प्राण्यांच्या जाती ओळखायला वापरावा, असे कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातले पॉल हेबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सुचवले. त्यालाच डीएनए बारकोड असे नाव पडले.

नेमका हाच तुकडा का? हे जनुक श्वसनाच्या रसायनाशी जोडलेले आहे. ते बिघडले तर प्राणी जगतच नाही, म्हणून ते जवळपास सगळ्या प्राण्यांत सापडते आणि त्याचा सांगाडा फारसा बदलत नाही. तरीही काही अक्षरे बदलली तर तयार होणाऱ्या प्रथिनात फरक पडत नाही. असे निरुपद्रवी बदल टिकून राहतात आणि साठत जातात. ठाव लागण्याइतके स्थिर आणि जाती वेगळ्या करण्याइतके बदलते, अशी ही जागा आहे. शिवाय एका पेशीत तंतुकणिका अनेक, म्हणून या डीएनएच्या प्रतीही भरपूर. जुन्या, थोड्या खराब झालेल्या नमुन्यातूनही तो मिळण्याची आशा असते.

समजण्यासाठी वीसच अक्षरांचे एक कल्पित उदाहरण घेऊ.

पहिला मासा: अथगसस थअगगथ ससअथग अथथगस
दुसरा मासा: अथगसस थअगगथ ससअसग अथथगस
तिसरा मासा: अथगथस थगगगथ ससअथग अथसगस

पहिल्या-दुसऱ्यात एका जागी फरक आहे, पहिल्या-तिसऱ्यात तीन जागी. खऱ्या कामात हेच ६५० अक्षरांवर होते. दोन माशांत ३ अक्षरांचा फरक निघाला, तर ३ भागिले ६५०, म्हणजे अर्ध्या टक्क्याहून कमी. ५२ अक्षरांचा निघाला तर ८ टक्के. एकाच जागचे अक्षर दोनदा बदलून पहिला बदल झाकला गेला असण्याची शक्यता धरून हा आकडा थोडा दुरुस्त करतात. त्यासाठी बहुतेक वेळा जपानचे मोटू किमुरा यांनी १९८० मध्ये दिलेले सूत्र वापरले जाते.

मग किती फरक म्हणजे वेगळी जात? २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या २०७ जातींच्या माशांवर झालेल्या अभ्यासात एकाच जातीतल्या दोन माशांत सरासरी ०.३९ टक्के फरक आढळला, आणि एकाच प्रजातीतल्या, म्हणजे जवळच्या नात्यातल्या, दोन जातींत सरासरी ९.९३ टक्के. मधली दरी पंचवीसपट. याच दरीच्या भरवशावर हे शास्त्र उभे आहे. अनेक अभ्यासक दोन टक्क्यांच्या आसपास सीमा धरतात. तो कायदा नव्हे. सीमेवरचा आकडा आला की पुन्हा माशाकडे, त्याच्या हाडांकडे आणि खवल्यांकडे वळावे लागते.

४. पराच्या तुकड्यापासून नावापर्यंत

मासा पकडला की आधी त्याचा ताज्या रंगातला फोटो. मग पराचा किंवा स्नायूचा नखाएवढा तुकडा कापून तीव्र अल्कोहोलमध्ये. फॉर्मालिन इथे चालत नाही, ते डीएनएचे तुकडे पाडते. प्रयोगशाळेत पेशी फोडून डीएनए वेगळा करतात आणि पीसीआर यंत्रात हव्या त्या तुकड्याच्या प्रती वाढवतात. ही युक्ती कॅरी मुलिस यांनी १९८३ मध्ये शोधली आणि १९९३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट होतात: एकाच्या दोन, दोनाच्या चार. तीस फेऱ्यांनंतर एका प्रतीच्या १०७ कोटींहून जास्त. एवढा साठा झाला की यंत्र अक्षरे वाचू शकते.

वाचलेला पाठ मग जगभरच्या संग्रहाशी ताडून पाहतात. इथे एक गोष्ट विसरता कामा नये. संग्रहातल्या पाठावर जे नाव आहे ते कुणीतरी डोळ्यांनी ओळखूनच दिलेले असते. ते चुकीचे असेल तर आपल्या माशालाही चुकीचे नाव चिकटणार. म्हणून ज्या माशाचा पाठ घेतला, तो अख्खा मासा संग्रहालयात जपून ठेवायचा असतो. शंका आली तर बाटली उघडून पुन्हा पाहता आले पाहिजे. यंत्र आल्यामुळे मोजपट्टीवाला अभ्यासक निकामी झाला असे मानणारे लोक मला भेटतात. प्रत्यक्षात त्याची गरज वाढली आहे, आणि असे अभ्यासक मात्र कमी होत चालले आहेत.

५. नर्मदेची यादी

हे काम दूरच्या देशातच होते असे नाही. वाशिमहून एका दिवसात जाऊन येता येईल अशा छत्रपती संभाजीनगरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात, पॉल हेबर्ट यांच्याच नावाचे डीएनए बारकोडिंग केंद्र आहे. तिथले गुलाब खेडकर आणि सहकाऱ्यांनी नर्मदेच्या खोऱ्यातल्या १७ ठिकाणांहून ८२० मासे गोळा केले आणि २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बाह्य लक्षणांवरून त्यांनी माशांची विभागणी ९० जातींत केली होती. मग ३१४ पाठ वाचले, आणि ८५ जाती पक्क्या झाल्या. दिसायला एक पण डीएनएने वेगळ्या ठराव्यात अशा पाच संशयित जाती निघाल्या. नर्मदेत पूर्वी नोंद नसलेल्या ४३ जाती मिळाल्या, आणि पूर्वी नोंद असलेल्या ४३ जाती मिळाल्याच नाहीत. बाहेरून आणलेल्या तीन जातीही नर्मदेत पहिल्यांदाच नोंदल्या गेल्या.

न सापडलेल्या ४३ जातींतल्या किती खरोखर गेल्या आणि किती मुळातच चुकीच्या नावाने नोंदल्या होत्या, हे जुन्या यादीवरून ठरवणे कठीण आहे, कारण जुन्या यादीमागे डीएनए नाही. आज पाठ घेऊन ठेवला, तर पन्नास वर्षांनी नदीकाठी उभ्या राहणाऱ्या माणसाची ही अडचण टळेल.

६. लोणावळ्याची बोटुकली आणि कावेरीचा कुबडा मासा

नाव चुकले तर काय होते, याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण महाराष्ट्रातूनच सुरू होते.

साइक्सने १८३९ मध्ये पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या महाशीराचे वर्णन केले. तो आज टॉर खुद्री म्हणून ओळखला जातो. पुढे धरणे झाली आणि महाशीर घटू लागला. लोणावळ्याजवळ वळवण इथे टाटांच्या वीज कंपनीने महाशीराचे बीजकेंद्र उभारले आणि १९७० च्या दशकापासून तिथे खुद्रीचे कृत्रिम प्रजनन यशस्वी होऊ लागले. सी. व्ही. कुलकर्णी यांच्यासारख्या मत्स्यशास्त्रज्ञांचे हे काम मोलाचे होते, कारण महाशीर हौदात वाढवता येतो हेच तोवर आपल्याकडे कुणी नीट दाखवले नव्हते. मत्स्यबोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्ले, देशभर वाटली गेली. कावेरीतही सोडली गेली.

कावेरीत आधीपासून एक महाशीर होता. पाठीला कुबड, वजन ५० किलोच्याही पुढे जाणारे. परदेशी गळ टाकणाऱ्यांमध्ये तो दीडशे वर्षे प्रसिद्ध होता, पण त्याला पक्के शास्त्रीय नाव नव्हते. कुणी त्याला साइक्सनेच वर्णन केलेला 'मुसल्ला' हा मासा समजत असे. पुढे अभ्यासकांनी दाखवले की साइक्सचा मुसल्ला हा महाशीरच नव्हे, तो दुसऱ्या प्रजातीचा मासा. म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या महाशीरांपैकी एक मासा बिननावाचाच राहिला. बिननावाच्या माशाला धोक्याच्या यादीत जागा मिळत नाही, आणि 'महाशीर घटला, महाशीर सोडा' एवढ्यावर काम भागते. कावेरीवर गळ टाकणाऱ्यांच्या १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा बाहेरून आलेला महाशीर वाढत गेलेला आणि कुबडा घटत गेलेला दिसला.

२०१८ मध्ये एड्रियन पिंडर, राजीव राघवन, पुण्याचे नीलेश डहाणूकर आणि इतरांनी कावेरीच्या मोयार या उपनदीतून मिळालेल्या कुबड्या माशांची मापे आणि डीएनए दोन्ही तपासले. तो केरळातल्या पांबार नदीतून आधीच वर्णन झालेल्या टॉर रेमादेवी या जातीशी जुळला. नाव मिळाले आणि त्याच वर्षी तो लाल यादीत 'अतिधोक्यात' या वर्गात नोंदला गेला. नाव वेळेवर मिळाले असते, तर कावेरीत दुसऱ्या खोऱ्यातला महाशीर सोडण्याआधी कुणीतरी हात धरला असता, असे मला मनापासून वाटते. बीजकेंद्राच्या हेतूत खोट नव्हती. त्यांच्यासमोर जातींचा पक्का नकाशा नव्हता, इतकेच.

नाव मिळाल्यावर गोष्टी किती लवकर हलू शकतात हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. आंबोलीच्या हिरण्यकेशीच्या उगमाशी मिळालेल्या एका छोट्या माशाचे शिस्टुरा हिरण्यकेशी या नावाने २०२० मध्ये वर्णन झाले, आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली.

७. आईकडचीच बाजू

या पद्धतीची एक मोठी मर्यादा सांगायलाच हवी. तंतुकणिका पिल्लाला आईकडूनच मिळतात. म्हणून सीओआयचा तुकडा फक्त आईचे घराणे सांगतो. बीजकेंद्रात कटल्याची नर-मादी आणि रोहूची नर-मादी एकत्र आली की संकर होतात. रोहूची मादी आणि कटल्याचा नर यांचे पिल्लू या चाचणीत शंभर टक्के रोहू ठरेल. ते उघडे पाडायला पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएकडे जावे लागते, जिथे आई आणि वडील दोघांचे पाठ असतात. तिथल्या मायक्रोसॅटेलाइट नावाच्या खुणा, म्हणजे दोन-तीन अक्षरांची पुन्हा पुन्हा येणारी जोडणी, संकर ओळखायला उपयोगी पडतात. एकाच जातीच्या दोन नद्यांतल्या कळपांचे येणे-जाणे किती आहे हेही त्या सांगतात. १९८३ मध्ये स्थापन झालेली आणि आता लखनौला असलेली राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो ही संस्था देशी माशांसाठी हेच काम करते.

८. एका डोंगराचे दोन उतार

आता वाशिमकडे. नकाशावर हा जिल्हा लहान दिसतो, पण माशांच्या दृष्टीने त्याची जागा विलक्षण आहे. त्याच्या डोंगराळ भागात उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेला उतरते, पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, आणि ते पाणी अरबी समुद्रात जाते. दुसऱ्या उतारावरचे पाणी पैनगंगेचे. अडाण आणि अरुणावतीही शेवटी तिच्याच खोऱ्यातल्या. पैनगंगा वर्धेला, वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता, ती गोदावरीला, आणि हे पाणी बंगालच्या उपसागरात. एकाच पठारावर पडलेल्या पावसाचे दोन थेंब दोन समुद्रांना जातात.

गोड्या पाण्यातला मासा समुद्र ओलांडत नाही आणि डोंगरही चढत नाही. मग काटेपूर्णेतला एखादा बारीक खवल्या आणि पैनगंगेतला त्याच्यासारखाच दिसणारा खवल्या, यांचे पाठ किती वेगळे असतील? झीज होत होत एका नदीने दुसरीचा उगमाकडचा ओढा आपल्याकडे ओढून घेतल्याच्या घटना भूगोलात घडतात, आणि तेव्हा मासेही पलीकडे जातात. तसे झाले असेल तर फरक कमी निघेल. झाले नसेल तर एकाच नावाखाली दोन घराणी सापडू शकतात. म्हणजे माशाचा पाठ नदीचा इतिहासही सांगू शकतो.

हे तपासायला उशीर परवडणार नाही, कारण धरणांत सोडले जाणारे मत्स्यबीज ही दोन खोरी माणसाच्या हाताने जोडत आहे. रोहू, कटला, मृगळ हे मुळात उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांचे मासे. ते सहकारी संस्थांच्या सभासदांचे पोट भरतात, त्यांना विरोध करणे मला योग्य वाटत नाही. पण बोटुकलीच्या पिशवीतून कधी दुसरी बारीक मासळीही आली, तर दोन उतारांवरच्या पाठांची सरमिसळ होईल. एकदा ती झाली की मूळचे काय होते ते वेगळे काढणे जवळजवळ अशक्य.

माशाने पाण्यात सोडलेल्या पेशींमधूनच डीएनए गाळून घेण्याची पद्धतही आता रुळली आहे. २००८ मध्ये फ्रान्समध्ये तळ्याच्या पाण्यातून बेडकाची एक जात ओळखली गेली, आणि २०१५ मध्ये जपानी संशोधकांनी माशांसाठी सुमारे १७० अक्षरांचा एक छोटा तुकडा उपयोगात आणला. एक लिटर पाण्यातून तळ्यातल्या जातींची यादी मिळू शकते. पण ताडून पाहायला स्थानिक माशांचे पाठ आधी संग्रहात असले पाहिजेत, नाहीतर यंत्र अक्षरे देईल आणि नाव देणार नाही.

म्हणून सुरुवात साधी आहे आणि जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या आवाक्यातली आहे. उन्हाळ्यात डोह आटतात तेव्हा, आणि पुन्हा पावसाळा ओसरल्यावर, दोन्ही उतारांवरच्या ओढ्यांतून प्रत्येक प्रकारचे चार-पाच मासे घ्यायचे. फोटो, पराचा तुकडा अल्कोहोलमध्ये, मासा बाटलीत. चिठ्ठीवर तारीख, ओढा, गाव, आणि जाळे टाकणाऱ्या भोयाने सांगितलेले नाव. साइक्सने पुण्यात दोनशे वर्षांपूर्वी तेच केले होते. शिंगटी, कोळस अशी इथली नावे त्याने थेट शास्त्रीय नावांत घेतली आणि ती आजही जगभर चालतात. तुकडे प्रयोगशाळेकडे पाठवायचे आणि पाठ आला की तो त्या बाटलीच्या क्रमांकासह संग्रहात जमा करायचा. भोयाने ज्यांना दोन वेगळी नावे दिली आणि पुस्तकाने एकच, त्या बाटल्या सर्वांत आधी तपासायला पाठवाव्यात.